घर निघालं

डॉक्टर म्हणाला, फार तर दोन हिवाळे.
एदेल्मिरा बारियाने बोटांवर काही मोजलं नाही;
बैलवाल्यांना निरोप धाडला.

चिलोए बेटावर घरं लाकडाची,
ओढून नेता येतात.
चाळीस वर्षं टेकडीमागून तिने
समुद्र नुसता ऐकला होता.

"खाट तेवढी ने की किनाऱ्यावर," शेजारीण म्हणाली.
"खाटेवर मरतात लोक. मला राहायचंय."

सोळा बैल, ओंडके, चिखल, शिव्या.
घर निघालं,
खिडकीतला जिरॅनियम डुलत,
चुलीतली राख अजून कोमट.
चढावर दोर तुटला.
दुसरा बांधा, म्हणाली.

संध्याकाळी दार उघडलं
तर उंबऱ्याशी भरती.
बटाटे सोलायचे राहिलेच होते.
पायरीवर बसून ती सोलत राहिली,
सालं लाटांना देत.