दोन ल

टोर्निओच्या जकात नाक्यावर मी ट्रक थांबवतो.
आमच्या फिनिश भाषेत नाक्याला म्हणतात तुल्लि.
तुलि म्हणजे आग. तूलि म्हणजे वारा.

साइमी सात वर्षांची. येताना एक गुणसूत्र जादा आणलेलं,
कागदावर तशी नोंद आहे: डाउन सिंड्रोम.
गेली दोन वर्षं कुणी विचारलं तर सांगते,
बाबा डबा घेऊन आगीत जातात.
बेकरीवाली एकदा हसली. वाईट मनाने नव्हे.
मी सुटे पैसे मोजत राहिलो.

गुरुवारी राकेल येते,
पिशवीत जुन्या कोटांची बटणं.
साइमीच्या डाव्या कानात पाणी साठतं,
जीभ तोंडात जरा ऐसपैस बसते,
ऐकलेलं निसटतं,
पाहिलेलं मात्र ती सोडत नाही.
म्हणून प्रत्येक आवाजाला एक बटण:
त-ला तपकिरी, उ-ला निळं, इ-ला मोत्याचं,
ल-ला माझ्या गणवेशाचं पितळी.
आगीला चार बटणं पुरतात.
वाऱ्याला दोन निळी, शेजारी शेजारी.
वारा तिला नोव्हेंबरातच आला,
मेणबत्ती विझेस्तोवर लांबवला तिने.

नाका येईना.
दोन पितळी बटणांवरून बोट
एकाच झटक्यात घसरायचं.
"इथे नवा आवाज नाहीच," राकेल म्हणाली,
"तोच आहे, जागच्या जागी थांबलेला.
थांबणं कसं दाखवू?"

मी भांडी तशीच टाकली, ओल्या हातानेच
टेबलासमोर उभा राहिलो,
आणि ड्यूटीवर करतो तसा तळहात वर केला.

तुल् —
जीभ दातांमागे. ट्रक उभा.
इंजिनाची घरघर तिच्या गळ्यात,
तिथे टेकलेल्या राकेलच्या बोटांना कळणारी.
हात खाली.
— लि.

आता ती सगळ्यांनाच अडवते.
लुमि, म्हणजे बर्फ, त्याचा लुम्मि झाला.
ताटातला मासा, साधा कला, त्याचाही कल्ला.
राकेल म्हणते, अडवू दे.
फाटक सापडलंय;
कुठे नाही ते सापडायला वेळ लागेल.

बापाला आमच्यात इसॅ म्हणतात. एकच स.
संध्याकाळी मी दार उघडतो,
ती हात वर करते:
इस् —

एक बूट पायात, एक हातात,
मोज्यावर बर्फ वितळतोय.
मी उभा.