तेरा अंश

सावदा-फैजपूर रस्त्याला
नीळकंठ फेगड्यांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये
मी रात्रपाळीला तापमान लिहितो.
दर दोन तासांनी एक आकडा, एक सही: कौ. झि. तायडे.
तेरा. तेरा. तेरा पूर्णांक दोन. तेरा.
कच्च्या केळीला तेरा लागतं.
खाली गेलं की साल काळवंडते,
वर गेलं की ती पिकायचं मनावर घेते.

चार नंबरच्या खोलीत, क्रेटच्या भिंतीमागे,
एक लाकडी पेटी. आत अकरा बाटल्या.
बारावी शेठनी पोराच्या लग्नात फोडली,
व्याह्यांनी तिच्यात सोडा घातला.
तेव्हापासून पेटी कुणाला दाखवत नाहीत.

बर्गंडीची. दारू म्हटलं की शेठ चिडतात.
"वाइन म्हणा, तायडे. आणि तिलाही तेराच लागतं."

सकाळी सातला दोन भाव येतात.
पहिला रावेरचा: नवती, कांदेबाग, वापसी.
तो शेठ मोठ्यानं वाचतात, फाटकातली ट्रॅक्टरवाली पोरं ऐकतात,
"काय भो, आजबी तुटला?"
दुसरा पेटीचा. तो ओठांतल्या ओठांत.
"दोन वर्षांमागं आभाळाला टेकला होता,
आता बारा टक्के खाली. गिऱ्हाईक थंडावलंय."
मग काढून टाका, मी म्हणतो.
"केळी आहे का ती, आज नाही तर उकिरड्यावर?"

एप्रिलात बातमी आली: तिकडं हिव पडलं,
कोंब जळाले, रात्रभर वेलींच्या ओळीओळीतून मेणबत्त्या.
हे मला कळलं.
पौषात आम्हीही बांधावर पाचट पेटवून
डोळे चोळत धुरात बसलोय.
फक्त आमच्या धुरानं कधी भाव चढला नाही.

बावीस मे. रात्री अकरालाही बाहेर अडतीस.
कॉम्प्रेसर बसला, जनरेटरचा पट्टा तुटलेला,
भुसावळहून मिस्त्री यायला पहाटेचे पाच.
चारमधला माल संध्याकाळीच कंटेनरमध्ये गेलेला,
आत एकटी पेटी, आणि काटा एकोणतीसवर.
बॅटरी मारून पाहिलं:
एकीचं बूच बोटभर वर आलेलं, गळ्यावरून लाल ओघळ.
पुसला. बोट चाटलं.
आधी केळफुलाच्या चिकासारखं तुरट,
मग जांभळाच्या बीसारखं काहीतरी,
मग बराच वेळ काहीच नाही, आणि तेच चांगलं होतं.
बूच अंगठ्यानं दाबलं.
वहीत लिहिलं: तेरा.

दिवाळीनंतर पुण्याहून सिद्धये बाई आल्या.
बाटल्या उजेडाकडे धरून पाहिल्या, उघडली एकही नाही.
मग वही मागितली.
पानं उलटत गेल्या, माझ्या सह्यांवरून बोट फिरवत.
"अशी नोंद कुठं मिळत नाही हो. हिचेच जास्त पैसे देते."
मे महिना त्यांनी दोन पानांत ओलांडला.

दहा नेल्या. एकीच्या बुचाशी त्यांचं बोट थांबलं,
माझ्याकडे पाहिलं, शेठकडे नाही.
"ही राहू द्या," म्हणाल्या.

शेठ अजून तिचा भाव रोज वाचतात.
आता मोठ्यानं, मला ऐकू येईल असा.
मी हं म्हणतो,
आणि चार नंबरचा काटा
चष्मा पुसून दोनदा बघतो.