दोन शेड, एक वही

विट्यात माझं मागाच्या सुट्या भागांचं दुकान,
बारा बाय दहाचं, पुढं एक लोखंडी पायरी.
धोटे, पिकर, पट्टे, बुश, नटबोल्ट
आणि छत्तीस वर्षांच्या उधारीच्या वह्या.
वही खोटं बोलत नाही.
माणूस बोलतो. मीही बोलतो.

दिवटे आणि म्हेत्रे, भिंतीला भिंत.
चोवीस माग याचे, चोवीस त्याचे,
इचलकरंजीहून एकाच ट्रकमधून उतरलेले, जुनेच.
सूत एकाच व्यापाऱ्याचं.
वीज जाते तेव्हा दोघांचीही जाते,
एकदम, गळा दाबल्यासारखी,
मग गल्लीत चिमण्या ऐकू येतात
आणि कुणाच्या तरी घरातला कुकर.

तरी दिवट्याचा माग दिवसाला साठ मीटर काढतो
आणि म्हेत्र्याचा एक्केचाळीस,
दसऱ्याला पूजा केलेली असली तर बेचाळीस.

लोक म्हणतात, हातगुण.
लोक म्हणतात, रेवणसिद्धाची कृपा.
म्हेत्रे म्हणाला, वास्तू.
त्यानं ईशान्येची भिंत फोडून दार काढलं.
मीटर तेवढेच राहिले,
कांडीवाल्या बायका तेवढ्या थंडीनं कुडकुडायला लागल्या.

कोल्हापूरच्या कॉलेजातली एक पोरगी आली होती फॉर्म घेऊन.
माग किती, कामगार किती, मालकाचं शिक्षण, कर्ज.
दोघांचे फॉर्म तिनं माझ्याच काउंटरवर भरले,
शेजारी शेजारी ठेवले, आणि बराच वेळ
पेनचं टोपण चावत बसली.
मी चहा मागवला.

वहीत काय आहे सांगू?
दिवट्याचा पोरगा येतो शनिवारी, सायकलवर, शीळ घालत.
चिठ्ठी असते: "सहा नंबरचा पिकर मऊ पडलाय.
अजून तुटला नाही."
अजून तुटला नाही!
तुटायच्या आधी पिकर नेणारं गिऱ्हाईक
मला सुरुवातीला जरा येडंच वाटलं होतं.

म्हेत्र्याकडनं माणूस येतो दुपारी, पळत,
बनियनला कापसाचा भुगा, कपाळावर घाम.
"द्या लवकर, माग उभा हाय."

चिठ्ठीवरचं अक्षर दिवट्याचं नाही.
अनसाबाईचं आहे. कांड्या भरते ती.
चौथी शिकलेली, एका कानानं कमी ऐकते,
पण चोवीस मागांत एकाची खटखट बदलली
की मान वळते तिची.
उठते, दाराजवळच्या पाटीवर खडूनं लिहिते.
दिवटे संध्याकाळी पाटी वाचतो.
झालं. एवढंच.

म्हेत्र्यानंही लावली होती पाटी, दुप्पट मोठी,
पेंटरकडनं वर "सूचना" लिहून घेऊन.
पहिल्याच दिवशी चन्नाप्पानं लिहिलं,
अकरा नंबरची फणी घासते.
म्हेत्रे म्हणाला, "तुला कुणी विचारलं होतं रे?"
आता त्या पाटीला लिंबू-मिरची टांगलेली असते.

मी हे म्हेत्र्याला सांगितलं का?
नाही.
दिवटे वर्षाला नऊ हजारांचा माल नेतो,
म्हेत्रे सत्तावीस हजारांचा.
त्याच्या तुटण्यावर माझ्या पोरीचं नर्सिंग झालं.
त्या फॉर्मवाल्या पोरीलाही मी म्हणालो,
"काय माहीत बाई, नशीब असतं एकेकाचं."
तिनं तेही लिहून घेतलं.

परवा शनिवार कोरा गेला.
सोमवारी दुपारी दिवट्याचा पोरगा आला,
सायकल नाही, चप्पल नाही, घामाघूम.
"पट्टा द्या काका. दोन माग उभे आहेत."
अनसाबाई लेकीकडं गेली म्हणाला, जतला, कायमची.
पाटी आहे ना रे? म्हटलं.
"आहे की. खडू पण आहे."

मी त्याला पाण्याचा तांब्या दिला,
पट्टा दिला,
आणि वहीत दिवट्याचं पान उघडून
नेहमीचा भाव लावला.