सहा तास सात मिनिटं

बोस्टन ते सिअ‍ॅटल, अडीच हजार मैल.
कोर्टाच्या कागदात हा आकडा आहे,
त्याच्या खाली: तिकिटाचा खर्च निम्मा-निम्मा.
वाऱ्याबद्दल कागदात काही नाही.

वारा तिकडे वर पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो,
पस्तीस हजार फुटांवर, एखाद्या नदीसारखा.
म्हणून शर्वाणी आईकडे जाते पाच तासांत
आणि माझ्याकडे येते
सहा तास सात मिनिटांत, प्रवाहाच्या उलट.
मी एव्हरेटच्या कारखान्यात
विमानांच्या पोटात वायरी ओवतो,
मला हे ठाऊक नव्हतं असं नाही.
तरी पहिल्या वर्षी
आगमनाच्या फलकाखाली उभा राहून
त्या जास्तीच्या एका तासाचा बोल
मी तिच्या आईलाच लावला.

घड्याळाला विचारा, ते वेगळंच सांगेल:
संध्याकाळी पाचला निघाली, आठ वाजून सात मिनिटांनी उतरली.
म्हणजे तीनच तास!
"बाबा, मग बाकीचे तीन कुठे गेले?"
सात वर्षांची होती, गळ्यात एअरलाइनचं पाकीट,
'एकटी प्रवास करणारी', खाली माझी सही,
नात्याच्या रकान्यात: वडील.
"बॅगेत बघ," मी म्हणालो.
तिने तिथंच बसकण मारून बॅग उघडली.
स्वेटर. रंगखडू. एक पायमोजा.
बेसनाच्या लाडवांचा डबा, झाकणाला चिकटपट्टी,
लाडू मोजून सहा.
माझ्या वाटचे त्यात होते की नाही, मी विचारलं नाही.

या एप्रिलला ती नऊची आहे.
"पडद्यावर विमान वाकडं जातं. पायलटला रस्ता येत नाही का?"
मी टोपलीतलं मोठं संत्रं घेतलं,
दोन लवंगा टोचल्या,
ही आई, हा मी.
शर्टाच्या बटणाचा दोरा मध्ये ताणून धरला
तर तो आपोआप वर सरकला, देठाकडे.
"हेच सरळ. हेच सगळ्यात जवळचं."
तिने संत्रं फिरवून फिरवून पाहिलं.
"पण हा तर कॅनडातून जातो.
कॅनडात आपलं कुणीच नाही."
"नाही."
"मग तिथून जाताना मी कुणाची असते?"

मला वायरींचे रंग विचारा.
कोणती कुठून निघते, कुठे पोचते,
मधे कुठे वळण घेते, सगळं सांगेन.
मी तिला पाणी हवंय का विचारलं.

रविवारी दुपारी एकचं विमान.
दाराशी पुन्हा सही, पुन्हा वडील.
आत गेल्यावर तिने वळून पाहिलं,
की पाठीवरची बॅग सावरली, नीट दिसलं नाही.
आज वारा जोरात, फलक म्हणाला,
चार तास एकेचाळीस मिनिटं.
शेजारचा माणूस बायकोला म्हणाला, "छान! लवकर पोचेल."

सव्वासहाला तिच्या आईचा निरोप:
पोचली. जेवतेय.
तिथे रात्र पडली होती,
इथे ओट्यावर अजून ऊन.
संत्रं तसंच होतं. दोरा आधी सोडवला,
गाठ बसली होती, दातांनी सोडवावी लागली.
मग सोलून, उभ्या उभ्याच, सगळं खाल्लं.
बोस्टनकडची फोड
जराशी तिखट लागली.