वाऱ्याकडे पाठ

नऊ हजार आठशेचा तंबू. दुकानदार म्हणाला होता,
ताई, बर्फातसुद्धा चालेल.
नाशकात बर्फ फक्त उसाच्या रसात असतो,
तरी वर्गणी काढून घेतलाच आम्ही,
मी, रेहाना आणि सुलक्षणा पगार,
अंबडच्या कारखान्यात एकाच टेबलावर
दिवसभर बेअरिंगं मोजणाऱ्या.
दोन मायक्रॉनचा फरक
आमच्या नजरेतून सुटत नाही.

सीबीएसवरून सहाची सुरगाणा गाडी.
दिंडोरीच्या अलीकडे-पलीकडे द्राक्षबागा,
तारेवर बांधलेली हिरवी शिस्त.
वणीला चहा. मग घाट,
मग साग, ताटाएवढी पानं
एकेक करून खाली ठेवणारे.
फोनची रेंज कुठे संपली ते कळलं नाही.
पाड्यापासून वर दोन तास;
सुलक्षणाच्या बुटाने वाटेत तळवा सोडला,
तो तिने सुतळीने बांधला आणि शिव्या देत चढली.

माथ्यावर पिशवी उपसली:
कापड होतं, दोऱ्या होत्या, खुंट्या बारा.
दांड्या नव्हत्या.
दांड्या सिडकोत, माझ्या कपाटावर.
काल रात्री
मोजायला काढल्या होत्या.

शेळी शोधत मैनाबाई भोये वर आली तेव्हा
आम्ही कापडाचे कोपरे धरून उभ्या होतो,
नवरानवरी नसलेला अंतरपाट.
ती बघत राहिली. मग म्हणाली,
"घरी जागा नाय का गं?"
आहे, रेहाना म्हणाली, दोन खोल्या आणि हॉल.
"मंग?"
डोंगर बघायला, असं काहीसं पुटपुटलो.
तिने वळून डोंगर बघितला,
त्यात काही नवीन आलंय का, अशा नजरेने.

कमरेचा कोयता काढून उतारावर गेली,
आली ती खांद्यावर बांबूच्या चार काठ्या घेऊन.
बोट ओलं करून हवेत धरलं.
"वाऱ्याकडं पाठ करावी. तोंड नाय.
पहिल्या साली मी तोंड केलं होतं,
पिंपळगावला, बागेच्या बांधाला.
मध्यरातीला छप्पर उडालं.
पोर दीड महिन्याचं."

दोरी दगडाला गुंडाळत सांगत राहिली:
दिवाळी झाली की डिपिंग, मग थिनिंग, मग काढणी,
होळीला परत.
येत्या सोमवारी टेम्पो येणार.
"एवढंच कापड असतं आमचं पण,"
हाताने चाचपत म्हणाली,
"निळं."

शेळी आपणहून आली,
आमच्या खाऱ्या शेंगदाण्यांच्या वासाने.
अंधार पडला होता. टॉर्च देऊ केली
तर म्हणाली, त्यानं वाट दिसंना होते,
आणि उतरून गेली,
शेळीच्या खुरांचा आवाज बराच वेळ पुढे, तिचा नाही.

रात्री रातवा दगडावर दगड आपटत राहिला.
पान पडलं की कुणीतरी चालून येतंय.
चांदण्या इतक्या
की सुलक्षणाने चौकटी पाडून मोजायला घेतल्या
आणि पहिल्याच चौकटीत घोरायला लागली.
वारा आला, पाठीवरून गेला.
झोप लागली नाही, असं लिहायला बरं वाटलं असतं.
मी गाढ झोपले.

सकाळी कापडावर एवढं दहिवर
की पिळलं असतं तर चहाचं आधण झालं असतं.
उतरताना काठ्या तिच्या अंगणात टेकवल्या.
"हां, ठेवा," म्हणाली, "सोमवारी लागतील."
आणि सवयीने मोजल्या. चार.

घरी तंबू गच्चीत वाळत घातला
तर एका दोरीला तिची गाठ राहिलेली,
नखाने सुटेना, दाताने सुटेना.
तेवढा तुकडा कापून
सोमवारी कारखान्यात नेला,
कुणी बघत नाही असं पाहून
व्हर्नियरमध्ये धरला.
आवळला की बारीक, सोडला की जाड.
तीनदा घेतलं, तीन आकडे.
रेहाना म्हणाली, काय लिहू?

घड्याळात अकरा दहा.
टेम्पो एव्हाना वणीच्या पुढे असेल.