पकड

बांधावर फेकलेले केळीचे खांब
जाळून कोळसा केला, त्यावर अमाइनचा हात दिला.
लॅबभर सडक्या मासळीचा वास.
सुपडूदादांनी दार सताड उघडलं:
"काय धरू राह्यल्या बाई?"

दीपनगरच्या चिमणीतलं, म्हटलं.
धूर नव्हे. त्यातलं न दिसणारं.

काट्यावर अर्धा ग्रॅम.
वायू सोडला, आकडा सरकत गेला:
बावीस मिलिग्रॅम जड.
"एवढंच?"
एवढंच, दादा.

मग शंभर अंशांवर तापवलं
आणि त्यानं मुकाट सोडून दिलं सगळं,
पुन्हा धरायला मोकळं.

दादा वाकून बघत राहिले.
वीस वर्षं राखेच्या बंधाऱ्यावर होते ते,
फेकरीकडच्या.
खोकला आवरत म्हणाले,
"आमच्या छातीले नाही जमलं हे, सोडनं."

मी पंखा लावला.
दुसरा नमुना काट्यावर ठेवला.