हात राखून

सौनाच्या मागच्या खोलीत ओस्मोचं टेबल.
प्रेसच्या सांध्यांत अजून तेल,
तराजूवर फडकं, फडक्यावर धूळ,
आणि कुहमोच्या ऑगस्टातला उजेड,
रात्रीचे दहा वाजले तरी घरी जायचं नाव न घेणारा.

हिल्क्का वडिलांची वही उघडते.
अक्षर बारीक, मागे झुकलेलं,
समोरून वारा येत असल्यासारखं.
पुंगळी, गोळी, दारूचं नाव, घाण्याचा क्रमांक,
आणि शेवटी एक आकडा.
त्याखाली दोन रेघा.
त्या वर्षी एका बारात मूस पडला होता.
ती बारा वर्षांची,
बादलीतून वाफाळतं यकृत घेऊन निघालेली.

दोन रेघा म्हणजे झालं.
बापाने सोडवलेलं गणित
पोरीने पुन्हा का सोडवायचं?

शेजारचा वेइक्को दारात. बूट काढत नाही,
म्हणजे बसायचं नाही.
"बंदूक तीच?"
तीच. नळी तेवढी नवी.
"दारू तीच?"
नाव तेच. घाणा दुसरा.
"मग तो आकडा ओस्मोचा," म्हातारा म्हणतो,
आणि लिंगनबेरी पिकल्यात का बघायला निघून जातो.

खालच्या फळीवर कॉफीचा डबा, अर्धा.
चिठ्ठी कधीच गळून पडलेली.
आत करडे दाणे, मोहरीहून बारीक,
वास थोडा औषधाचा, थोडा त्याच्या कोटाचा.
बहुतेक तीच असेल.
बहुतेक.

अंदाजपंचे दाहोदरसे पुष्कळ काही चालतं:
सूपातलं मीठ, सौनातली लाकडं,
तिचं तर लग्नसुद्धा.
ही चालत नाही.
ती डबा तळ्याकाठी नेते,
ओल्या वाळूवर लांब, पातळ रेघ ओढते,
टोकाला काडी लावून मागे सरते.
आवाज नाही. फक्त एक पिवळी सळसळ,
कुणी घाईत सही करून उठून जावं तशी.

मग नवा छापील तक्ता,
त्यातली सगळ्यात खालची ओळ.
टेबलावर एकच डबा, बाकीचे कपाटात.
रेडिओ बंद.
तीन काडतुसं. चिमटीने वर. तीन.
पुन्हा चिमटीने वर.
गोळी बसवण्याआधी ती बॅटरी धरून
प्रत्येक पुंगळीत डोकावते,
विहिरीत पाणी किती ते बघावं तसं.
सगळ्यांत सारखं.

शनिवारी खडीच्या खाणीत
चौथ्या पायरीची तिन्ही भोकं
एका नाण्याखाली झाकतात.
पाचव्या पायरीला खिट्टी जराशी अडते,
पावसाने फुगलेल्या दारासारखी.
प्रायमर चपटा झालेला.
पितळ ओरडत नाही. एकदाच सांगतं.
अजून दोन पायऱ्या डब्यात भरलेल्या.
ती बंदूक मिटते.
घरी येऊन त्या सहाही गोळ्या उपसते,
संध्याकाळ त्यातच जाते.

तिचा आकडा ओस्मोच्या खाली आला.
किती खाली, ते मी लिहिणार नाही.
तो त्या नळीचा, त्या घाण्याचा, त्या बाईचा;
उसना द्यायचा नसतो.

लिहायला ती वही उघडते
आणि चुकून दोन पानं मागे जाते.
तिथे त्याचाच आणखी एक आकडा,
दोन रेघांवाल्याहून मोठा, खोडलेला,
कागद फाटेल इतक्या जोराने.
बाजूला एकच शब्द: घाबरलो.

चाळीस वर्षं जेवणाच्या टेबलावर
हा शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

ती बराच वेळ बोट तिथेच ठेवते.
मग आपल्या पानावर तारीख, तापमान, आकडा,
आणि खाली एक रेघ.
दुसरी नाही.
थंडी पडू दे, उणे वीसला पुन्हा बघू.